तिथी बघून समुद्रावर

थंडीत कोकणात जायचं ठरलं की मंडळी सगळं बघून घेतात. खोलीत एसी आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, जेवण घरगुती की बाहेरून, उकडीचे मोदक मिळतील का. ताम्हिणीने उतरायचं की वरंध्याने, यावर तर अर्धा तास सहज जातो. पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो समुद्र आपण जाऊ तेव्हा कुठे असेल, हे कोणी बघत नाही. मग सकाळी हौसेने साडेसहाला उठून किनाऱ्यावर जावं, तर पाणी सुरूच्या मुळांशी खेळतंय. चालायला उरलेली वाळू चार हात रुंद, कोरडी, भुसभुशीत आणि वर तिरकी. घोट्यापर्यंत पाय रुततात, दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात आणि सगळे पोहे खायला परत.

वास्तविक हे कोडं सोडवायला लागतो तो फक्त पाऊणकीचा पाढा. हर्णैच्या बंदरात जाळं सांधत बसलेल्या एका काकांना मी भरतीची वेळ विचारली होती. त्यांनी मान वर न करता मलाच विचारलं, "ताई, आज तिथ कोणती?" षष्ठी होती. "सहा पाऊणं साडेचार. साडेचारला भरती." तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हाती येते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून ही वेळ पहाटे-सकाळचीही आणि दुपार-रात्रीचीही. त्यात सहा तास दहा-बारा मिनिटं मिळवली की ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. मुंबई-रायगडपासून दापोलीपर्यंत हा हिशेब चालतो. मालवणकडे पाणी थोडं आधी भरतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तरी फिरायला जाणाऱ्याचं काही अडत नाही, होडी घालणाऱ्याचं अडतं.

आता हा हिशेब हिवाळ्याच्या सकाळीला लावून बघा. पुनवेला किंवा अवसेला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेपाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी तेवढ्यालाच. पुढचे दोन दिवस ती सात-साडेसातपर्यंत येते. डिसेंबर-जानेवारीत कोकणात सूर्य उगवतो सातच्या आसपास आणि मावळतो सहानंतर. म्हणजे ज्या दोन वेळा आपल्याला किनाऱ्यावर चालावंसं वाटतं, नेमक्या त्याच वेळी समुद्र मागे सरकून बसलेला असतो. शिवाय हे दिवस उधाणाचे. उधाणात भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल, त्यामुळे उतार कमी असलेल्या किनाऱ्यावर पाणी इतकं लांब जातं की पोरांचा क्रिकेटचा सामना मावून वर जागा उरते. याउलट अष्टमीच्या आगेमागे गेलात तर सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि ओहोटी भर दुपारी बाराला, डोक्यावर ऊन. हे भांगाचे दिवस. पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही.

पंचांग बघून लग्न ठरवणारी माणसं समुद्रावर जायला मात्र बँकेच्या सुट्ट्यांची यादी बघतात, याची मला गंमत वाटते.

थंडीतला किनारा पावसाळ्यातल्या किनाऱ्याहून वेगळा असतो, तो काही केवळ हवेमुळे नाही. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात. जून-जुलैत कोकणातल्या कुठल्याही पुळणीवर उभं राहिलं तर किनारा खरवडल्यासारखा दिसतो, मध्येच उभी कड पडलेली, खालचे दगड उघडे. दसरा-दिवाळीनंतर समुद्र निवतो आणि लहान लाटा तीच वाळू थोडीथोडी करत परत आणून टाकतात. डिसेंबरपर्यंत पुळण बरीचशी भरून येते. आपण चालतो ती वाळू बऱ्याच अंशी त्या ऋतूची, नुकतीच आलेली. ओहोटीनंतर तिच्यात पाणी मुरून ती घट्ट बसते, म्हणून तिच्यावर गुडघे दुखणाऱ्या माणसालाही चालता येतं. माझ्या सासूबाई घरासमोरच्या बागेत दोन फेऱ्यांत दमतात. आंजर्ल्याच्या ओल्या वाळूवर त्या आमच्या पुढे होत्या.

वाराही साथ देतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतात. पहाटे तुम्ही पाण्याकडे तोंड करून उभे राहिलात तर गार झुळूक पाठीवर येते. या वाऱ्याने लाटा दबतात, क्षितिजाची रेघ स्वच्छ दिसते, मासेमारीच्या होड्या कुठे आहेत ते मोजता येतं. दहा-अकरानंतर वारा फिरतो, खारे वारे सुरू होतात आणि दुपारी समुद्र पुन्हा खळबळतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांवर दोन मार्कांचा प्रश्न हमखास असायचा. उत्तर पाठ होतं. वारा पाठीवर घेईपर्यंत ते कळलं होतं असं म्हणवत नाही.

ओहोटीला पाणी मागे गेलं की पहिल्या अर्ध्या तासात खाली बघत चालावं. आधी ओली, सपाट, रिकामी वाळू दिसते. मग तिच्यात पेन्सिलने टोचल्यासारखी भोकं उघडतात आणि प्रत्येक भोकातून मसुराएवढी कुर्ली बाहेर येते. ती वाळू दोन्ही नांग्यांनी तोंडाशी नेते, त्यातलं शेवाळ आणि सेंद्रिय कण खाते आणि उरलेल्या वाळूची बारीक गोळी करून मागे टाकते. हे इतक्या झपाट्याने चालतं की बघता बघता भोकाभोवती गोळ्यांच्या रांगा तयार होतात, मध्यावरून बाहेर जाणाऱ्या. दोन रांगांमध्ये एक वाट मात्र ती मोकळी ठेवते, पळायची. पक्ष्याची सावली पडली किंवा तुमचं पाऊल वाजलं की त्या वाटेने ती थेट बिळात. निश्चल उभं राहा, दोन-तीन मिनिटांत पुन्हा डोकावते. खाऊन झालेल्या वाळूला ती परत तोंड लावत नाही, म्हणून तर गोळ्या वेगळ्या. भरती आली की सगळी नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला काम नव्याने. केळशीच्या पुळणीवर ही नक्षी चुकवत चालायचं म्हणजे आट्यापाट्या खेळणं आहे.

पाण्याच्या कडेला याच दिवसांत पाहुणे असतात. तुतवार लाट मागे गेली की तिच्यामागे धावतात, लाट आली की पुढे पळतात, पाय ओले होऊ देत नाहीत. कुरव थवा करून वाळूवर बसलेले असतात, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या तळ्यांकाठी वीण करतात आणि थंडीला आपल्याकडे उतरतात. इथे असतात तेव्हा मात्र त्यांचं डोकं तपकिरी नसतं, डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी बघणारे लोक या दिवसांत दुर्बिणी घेऊन पहाटेच हजर असतात. मांडव्याच्या बोटीवर याच कुरवांना गाठ्या आणि वेफर फेकणारेही असतात. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला मासळी सोडून तळलेलं बेसन खायला घालण्यात काय पुण्य आहे, मला समजत नाही.

रात्री येणारी पाहुणी वेगळी. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी थंडीतल्या रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. वाळूवर मागे राहतो तो लहानसा ट्रॅक्टर गेल्यासारखा माग. वेळास, आंजर्ले, केळशी या गावांतले कासवमित्र पहाटे अंधारातच किनारा चालत तो माग शोधतात, काठीने वाळू चाचपतात, अंडी सापडली की कुंपण घातलेल्या जागी तशाच खोलीवर पुरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला 2002 साली हे काम सुरू केलं. त्याआधी ती अंडी माणसं तरी उकरायची, नाही तर कुत्री-कोल्ही. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून बघ्यांची गर्दी फेब्रुवारी-मार्चनंतर. डिसेंबरात तिथे बघायला काही नसतं, आणि म्हणूनच कासवमित्राबरोबर चालायला मिळण्याची शक्यता जास्त. तो बोलतो कमी, विजेरी पायांशी धरतो आणि तुमच्या दुप्पट वेगाने जातो. आपण तीन-चार किलोमीटर चाललो की त्याचा फोटो टाकतो. याच दापोलीच्या मुरूड गावातले धोंडो केशव कर्वे सतराव्या-अठराव्या वर्षी परीक्षेसाठी सह्याद्री चढून साताऱ्याला चालत गेले होते, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही.

आता किनाऱ्यावरच्या चारचाकीविषयी. दर हिवाळ्यात कोणीतरी गाडी पुळणीवर उतरवतो, ओल्या वाळूत गरागरा गोल फिरवतो आणि ती रुतते. बंदीचा फलक तिथेच असतो. भरती चढत असते, चाकं जितकी फिरवावीत तितकी खाली जातात, मालक फोनवर, बायकापोरं सामान बाहेर काढताहेत, आणि गावातला ट्रॅक्टर येईपर्यंत दरवाजाच्या फटीतून पाणी आत. गावकरी मदत करतात. आधी पैसे ठरवून घेतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. गाडीचं नुकसान विम्यातून भरून निघत असेल. चाकाखाली गेलेलं कासवाचं घरटं दिसतही नाही, त्यामुळे त्याचा विषयच निघत नाही.

संध्याकाळ हर्णैला घालवावी. सुवर्णदुर्ग समोर, होड्या थोड्या लांब नांगरलेल्या आणि बैलगाड्या आसापर्यंत पाण्यात शिरून मासळीच्या टोपल्या बाहेर आणताना वर्षानुवर्षं दिसत आल्या आहेत. लिलाव बायकांच्या हातात. भाव कानात न सांगता मोठ्याने, आणि इतक्या भरभर की आकडा कळेपर्यंत टोपली दुसऱ्याची झालेली असते. उगाच मध्ये उभं राहून मोबाइल धरू नये, धक्का बसतो आणि तो योग्यच असतो. घाऊक लिलावात आपलं काम नाही. बाजूला बसलेल्या मावशीकडून बांगडे किंवा मांदेली घ्यावी, उतरलो असू त्या घरच्या काकू तळून देतात. अलिबाग-नागावकडे असाल तर जानेवारीत पोपटी चुकवू नये. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर गावठी वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, हवी तर अंडी नि मसाला लावलेली कोंबडी, तोंड पुन्हा पाल्याने बंद, मडकं उलटं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब लागत नाही. थंडी आणि वालाच्या शेंगा दोन्ही असतील तेव्हाच ती होते, म्हणून हॉटेलात एप्रिलमध्ये 'पोपटी' म्हणून जे देतात त्याच्या नादी लागू नये.

एक आक्षेप मात्र खरा आहे. आमच्या घरगुती मुक्कामाच्या काकूंनीच तो घेतला. "तुमचं बरं आहे हो, तिथी बघून येता. शाळेत जाणाऱ्या मुलांनी काय करायचं? आणि सगळे असेच यायला लागले तर आमचा नाताळचा धंदा?" त्यांच्या चार खोल्यांचं पावसाळ्यातलं नुकसान नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात भरून निघतं. तेव्हा त्या आठवड्यात कोणी येऊ नका, असं मी म्हणणार नाही. रस्त्यात पाच-सहा तास जास्तीचे आणि खोलीला दुप्पट भाव द्यायची तयारी असेल त्यांनी खुशाल यावं. पण उरलेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवारशिवाय सवड नसलेल्यांसाठीही सोय आहेच. एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत पंधरवडाभर जातो, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे. त्यामुळे साधारणपणे एक शनिवार उधाणाचा, पुढचा भांगाचा, त्याच्या पुढचा पुन्हा उधाणाचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तुमच्या ठरलेल्या शनिवारी सप्तमी-अष्टमी दिसली, तर खोली एक आठवडा पुढे ढकलायला सांगा. काकू त्याचे जास्तीचे पैसे घेत नाहीत.