कॉम्बोत काय आहे, ते ऐकू येऊ द्या

वासिंद-आसनगावच्या गृहसंकुलांत आणि मुरबाडकडच्या फार्महाउसांवर हौसेने पाळलेली कुत्री आता दिसतात. त्यांच्या खेळण्यांच्या कॉम्बोची जाहिरात रिक्षावरच्या भोंग्यापर्यंत आणि मोबाइलवरच्या गाण्यांमधल्या स्पॉटपर्यंत पोहोचण्याआधी आपल्या जाहिरात व्यवसायाने एक ठरवायला हवे: ऐकायच्या जाहिरातीत संचातली प्रत्येक वस्तू, तिचे माप आणि एकूण किंमत बोलूनच सांगायची. विविधभारतीवर 1967 साली जाहिराती सुरू झाल्या, तेव्हापासून नाव घोळवणारी जिंगल हे आपले मुख्य हत्यार आहे. साबणासाठी ते पुरते, कारण वडी सगळ्यांच्या ओळखीची असते. संचाचे तसे नाही. छापील जाहिरातीत नजर मागे वळून बारीक अक्षरे पुन्हा वाचू शकते. भोंगा मात्र पुढच्या आळीला निघून जातो आणि मागे ‘पाच खेळणी अर्ध्या किमतीत’ एवढेच उरते. अर्धी कशाच्या, हे विचारायला समोर कोणी नसते. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत गुरांच्या बाजारात घुंगरमाळ घेणाऱ्याला ती हाताळून, वाजवून बघता येते. आपल्या ग्राहकाच्या हाती फक्त आपले शब्द असतात.

मापाचा आग्रह सर्वांत महत्त्वाचा, कारण तो प्राण्याच्या जिवाशी निगडित आहे. छोट्या जातीसाठीचा चेंडू मोठ्या कुत्र्याच्या घशात अडकू शकतो. चूंचूं वाजणाऱ्या रबरी खेळण्याचा फाटलेला तुकडा किंवा आतली शिट्टी गिळली गेली, तर आतडे तुंबून शस्त्रक्रियेची वेळ येते. एकाच संचात तीन मापांचे चेंडू भरून ‘सगळ्या कुत्र्यांसाठी’ म्हणणे म्हणूनच गंभीर आहे. स्पॉटमध्ये तोच चूंचूं आवाज घालण्याचा मोहही तपासावा. तो ऐकून घरातले कुत्रे कान टवकारते आणि मालकाला वाटते, याला हेच हवे. प्रत्यक्षात असा कोणताही चिरका आवाज त्याचे लक्ष वेधतोच.

तीस सेकंदांत एवढे बसवायचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. तेवढ्या वेळात मराठीत साधारण साठ-सत्तर शब्द नीट बोलता येतात. तीन वस्तू, मापे आणि किंमत पंचवीस शब्दांत मावतात. कमी करायची तर जिंगल करावी. शेवटी ‘अटी लागू’ सुसाट म्हणून मोकळे होण्याची वाट तर केंद्र सरकारच्या 2022 च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनीच अडवली आहे: खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा, आणि दावा आवाजात असेल तर खुलाशाची गतीही तीच असावी. शहापूरच्या बाजारात मराठीत दावा करून अटी इंग्रजीत उरकणे त्यात बसत नाही. माहितीने भरलेला स्पॉट रटाळ होईल, अशी भीती काही कॉपीलेखकांना वाटते. पण कुत्रा पाळणाऱ्याला ‘लॅब्राडोरसाठी मोठा चेंडू, गावठी पिल्लासाठी दोरी’ हे वाक्य ‘धमाका ऑफर’पेक्षा अधिक चटकन आपले वाटेल.