मेंदूतून थेट आवाज : ९७ टक्क्यांपेक्षा ६० टक्के मोलाचे का?

एएलएस या आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होतात. जीभ, ओठ, स्वरयंत्र साथ सोडतात. पण काय बोलायचे, हे बहुतेक रुग्णांच्या मनात स्पष्ट असते. अशा रुग्णांना पुन्हा बोलते करण्यासाठी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत संशोधन सुरू आहे.

पहिल्या टप्प्यात काय साधले?

एएलएस झालेल्या ४५ वर्षांच्या एका रुग्णाच्या मेंदूत जुलै २०२३ मध्ये २५६ इलेक्ट्रोड बसवण्यात आले. रुग्ण बोलायचा प्रयत्न करतो, तेव्हा मेंदूत उमटणारे संकेत हे इलेक्ट्रोड टिपतात. संगणक त्यांतून उच्चार ओळखतो, शब्द जुळवतो आणि वाक्य पडद्यावर दाखवतो. मग ते रुग्णाच्या आजारापूर्वीच्या आवाजात वाचूनही दाखवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ९७ टक्के शब्द अचूक होते.

मग अडचण काय होती?

वाक्य पूर्ण होऊन ऐकू येईपर्यंत गप्पांचा विषय पुढे गेलेला असतो. मध्येच ‘अहो, थांबा’ म्हणता येत नाही, नुसता ‘हं’ देता येत नाही. शिवाय ‘जेवलास’ हे विधान आहे की प्रश्न, हे सुरावरूनच कळते. तो सूर मजकुरात हरवतो.

दुसऱ्या टप्प्यात काय बदलले?

जून २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये मैत्रेयी वैरागकर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. रुग्ण तोच, पण आता संकेतांचे रूपांतर मजकुरात न होता थेट ध्वनीत होते, तेही सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात. त्याला प्रश्नार्थक सूर लावता आला, हव्या त्या शब्दावर जोर देता आला, सोप्या चाली गुणगुणता आल्या. ऐकणाऱ्यांना सुमारे ६० टक्के शब्द समजले. यंत्राविना हे प्रमाण ४ टक्के होते.

आकडा घसरला, तरी ही प्रगती कशी?

पहिल्या पद्धतीत संगणकातील भाषेचे प्रारूप पुढचा शब्द ताडून चुका दुरुस्त करते. दुसऱ्या पद्धतीत असा दुरुस्त करणारा मध्यस्थ नाही. त्यामुळे चुका ऐकू येतात. पण रुग्णाला संभाषणात वेळेवर भाग घेता येतो.

मराठीसाठी याचा अर्थ काय?

पहिली पद्धत मराठीत आणायची, तर भाषेचे मराठी प्रारूप लागेल. ‘घर’, ‘घरात’, ‘घरातल्यांनाही’ अशी एकाच शब्दाची अनेक रूपे त्याला ओळखावी लागतील. थेट ध्वनीच्या पद्धतीला ठरावीक शब्दसंग्रहाचे बंधन नाही. मात्र तिचा सरावही इंग्रजीतच झाला आहे.

हे उपचार कधी मिळतील?

सध्या ही केवळ चाचणी आहे. मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागते आणि आवाजाचे निष्कर्ष एकाच रुग्णावर आधारलेले आहेत. आणखी रुग्णांवर ते टिकतात का, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.