नाशिकची ओळख धावपटूंची, बांबूउडीची का नाही?

नाशिक आणि अॅथलेटिक्स म्हटलं की पहिलं नाव येतं ते 'सावरपाडा एक्स्प्रेस' कविता राऊत यांचं. बांबूउडी, म्हणजे पोल व्हॉल्टमध्ये मात्र जिल्ह्याची अशी ओळख नाही. असं का? याचं उत्तर कविता यांच्या कारकिर्दीतच सापडतं.

कविता राऊत यांनी काय मिळवलं?

त्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाडा या आदिवासी वस्तीतल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक जिंकलं. १९५८ मधल्या मिल्खा सिंग यांच्या सुवर्णपदकानंतर या स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन.

हे कसं जमलं?

सुरुवातीला त्या अनवाणी धावल्या. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांनी त्यांना घडवलं. मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशा धावपटूही याच जिल्ह्यातून पुढे आल्या. म्हणजे एका यशामागे मैदान, प्रशिक्षक आणि सराव करणारा गट उभा होता.

बांबूउडीत अडचण काय?

लांब पल्ल्याचं धावणं गावच्या रस्त्यावर सुरू करता येतं. बांबूउडी नाही. आता बांबूऐवजी फायबरग्लासचा पोल वापरतात. तो खेळाडूच्या वजनानुसार निवडावा लागतो. प्रगती झाली की पोल बदलावा लागतो. शिवाय उंचावरून पडताना झेलणारी जाड गादी हवीच, नाहीतर जिवावर बेतू शकतं. चार-पाच मीटर लांबीचा पोल स्पर्धेला घेऊन जाणं हीसुद्धा कसरतच. महिलांना तर ऑलिंपिकमध्ये हा प्रकार २००० साली खुला झाला. तेव्हा अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिला ४.६० मीटर उडी मारून पहिल्या विजेत्या ठरल्या.

मग मार्ग काय?

शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहा. तिथल्या राज्य अकादमीत घडलेल्या देव मीणा याने फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५.३२ मीटरचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला.

अनवाणी धावणारी मुलगी एखाद्या प्रशिक्षकाच्या नजरेत तरी भरते. बांबूउडीत पोल आणि गादी नसेल, तर कुणाच्या अंगात ती कला आहे हे कळायलाच मार्ग नाही. त्यामुळे इथे गुणवत्ता शोधण्याआधी साहित्य पोहोचवावं लागेल.