गिअरबॉक्सचें तेल व खामेचें पाणी

पाणचक्कीच्या हौदापाशीं उभें राहिलें म्हणजे पाण्याच्या अंगीं केवढें सामर्थ्य आहे हें लहान मुलासहि समजतें. दूरच्या डोंगरांतून मातीच्या नळांनीं आणलेलें पाणी चाकावर पडे, चाक फिरे, आणि त्याबरोबर जातें फिरून दर्ग्यांतील शिष्यांचें व वाटसरूंचें दळण होई. हीच युक्ति आजच्या स्वयंचलित गिअरच्या मोटारींत आहे. फरक इतकाच कीं, तेथें पाण्याच्या जागीं तेल असतें. इंजिनाच्या बळानें एक पंखा तेल फेकतो. तें समोरच्या दुसऱ्या पंख्यावर आदळून त्यास फिरवितें. हेर्मान फ्योटिंगर नामक जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं ही योजना जहाजांकरितां काढिली. पुढें १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींपासून अमेरिकेंत स्वयंचलित गिअरांचा प्रसार होऊं लागला.

हें तेल शक्ति पोंचवितें, आंतील क्लच दाबून धरतें, दांत्यांस वंगण देतें आणि उष्णता वाहून नेतें. नवें असतांना तें बहुधा लालसर असतें. तापून जुनें झालें म्हणजे काळपट होतें व त्यास करपट वास येतो. कांहीं कारखानदार हें तेल जन्मभर बदलावें लागत नाहीं असें म्हणतात. परंतु जी गाडी भार ओढते, औट्रम घाट चढते आणि मराठवाड्याच्या उन्हांत राबते, तिच्या तेलास झीज लागणारच.

गेल्या मे महिन्यांत माझ्या धाकट्या बंधूच्या पिकअपचें हें तेल आम्हीं घरच्या अंगणांत बदललें. आपल्याकडील पिकअप गाड्या बहुधा हातानें गिअर टाकण्याच्याच असतात. त्याची मात्र स्वयंचलित आहे. मला गाडीखालीं पाहून एक परिचित गृहस्थ म्हणाले, “सर, पदवी घेऊन हें काम?” त्यांचा हेतु वाईट नव्हता, पण तो प्रश्न माझ्या मनांत राहिला. प्रभु येशूनें सुताराचें काम केलें, पौलानें तंबू शिवले, आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं निराधार स्त्रियांच्या हातीं छापखान्याचे खिळे दिले. १९८५ सालीं वाळुजेस बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हांपासून ह्या छत्रपति संभाजीनगरांतील कित्येक घरांची चूल यंत्राच्या कामावर पेटते. अशा शहरांत तेलकट हातांची लाज वाटावी, हें खरोखर नवल होय.

तथापि हात चालविणें निराळें आणि हातघाई करणें निराळें. ह्या कामाचा पहिला नियम मला फार बोधप्रद वाटतो: तेल सोडण्याच्या बुचास हात लावण्यापूर्वीं तेल भरण्याचें बूच सुटतें कीं नाहीं तें पाहावें. तें गंजून घट्ट बसलें असेल तर रिकामी झालेली गाडी अंगणांतच अडकून पडते. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला आपण रविवारच्या शाळेंत ऐकिला आहे. तो येथें तंतोतंत लागू पडतो. गाडी समतल जागीं असावी, आणि केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं कोणीं कधींहि जाऊं नये. भक्कम स्टँड व चाकांस उटी असावी. तेल कोमट असावें, कढत नसावें. निघालेलें तेल मापावें आणि गाडीच्या पुस्तकांत नांव दिलेलें तेलच तितक्याच मापानें भरावें. एका वेळीं सर्व तेल निघत नाहीं. पुष्कळसें त्या पंख्यांच्या कोठींत राहतें. शेवटीं पुस्तकांत सांगितलेल्या तपमानास व रीतीनें पातळी पाहावी. इतका धीर नसेल तर काम जाणत्या कारागिरास द्यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

एवढें सर्व आम्हीं नीट केलें. सायंकाळ झाली, अंग शिणलें, आणि मीं जुन्या तेलाचा ट्रे उचलून नालीकडे पाऊल टाकिलें. तोंच बंधूच्या मुलानें विचारिलें, “काका, ही नाली कोठें जाते?” मला उत्तर ठाऊक होतें. ती नाल्यास मिळते, नाला खाम नदीस मिळतो. ज्या पाणचक्कीचें कौतुक मीं वर्गांत दरवर्षीं सांगतों, ती ह्याच खामेच्या कांठीं आहे. खाम पुढें नाथसागराकडे जाते, आणि आपण पाणी पितों तें नाथसागराचें. तेलाचा पडदा पाण्यावर पसरला म्हणजे हवा पाण्यांत मिसळत नाहीं. तेलांतील धातूंचे कण व विषारी द्रव्यें जलचरांस मारक होतात. २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणिलें जातें. वाळवीसाठीं तें लाकडास फासणें किंवा धूळ बसावी म्हणून अंगणांत शिंपडणें, ही आपली जुनी संवयहि सोडली पाहिजे. पावसाबरोबर तें तेल शेवटीं मातींत व पाण्यांतच जातें.

मीं ट्रे खालीं ठेविला. दुसऱ्या दिवशीं तें तेल झांकणाच्या डब्यांत भरून, जुनें तेल पुनर्शुद्धीस देणाऱ्या एका वर्कशॉपच्या स्वाधीन केलें. माझें मत असें कीं, त्या क्षणीं आमचें काम पुरें झालें. आदल्या सायंकाळीं तें अर्धेंच होतें.

विद्यार्थीमित्रहो, अवश्य हात काळे करा. पालकांसहि विनंति आहे कीं, मुलांस अशा कामांत शेजारीं बसवावें. मात्र नवें तेल विकत घेतांनाच जुनें कोठें द्यावयाचें तें विचारून ठेवावें. यंत्राची सेवा करणारा खरा कारभारी तोच, जो आपल्या अंगणाच्या पलीकडे काय वाहत जातें त्याचाहि हिशेब देऊं शकतो.