जुन्या हॉटेलांचे भाट

शहराच्या जुन्या पेठेंतील एखाद्या शंभर वर्षांच्या हॉटेलांत उतरून आलेला रसिक हल्लीं एकच कीर्तन लावतो : काय तीं उंच छतें, काय तो सागवानी जिना! नळाला पाणी होतें काय, असें विचारावें, तर उत्तर तयार, 'जुन्या वास्तूंत तेवढें चालायचेंच!' माझा आक्षेप या 'चालायचेंच'ला आहे.

उंच छताचें महत्त्व मी जाणतों. तापलेली हवा वर जाते, समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळतो, रुंद व्हरांडा भिंतीला उन्हापासून वांचवितो. परंतु लांकडी आडभिंती घालून एका खोलीच्या तीन केल्या आणि खिडकी एकीच्याच वांट्यास आली, म्हणजे उरतो तो केवळ उंच अंधार. अशाच एका हॉटेलांत पाण्याची तक्रार नेली असतां व्यवस्थापकांनीं मला दिवाणखान्यांतील पुरातन घड्याळ दाखविलें. तेंही बंद होतें.

मुंबईंत काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेल होतें. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत घडवून जहाजानें आणला व १८६० नंतरच्या दशकांत येथें उभारला. ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम तेथेंच दिसलीं. युरोपियनांखेरीज इतरांस तेथें मज्जाव असे. गतवैभवासाठीं उसासे टाकणाऱ्या आपल्या मंडळींना तेथें खोली मिळाली नसती, एवढें तरी त्यांनीं ध्यानांत घ्यावें! पुढें हॉटेल गेलें, इमारतींत कचेऱ्या व बिऱ्हाडें दाटलीं, डागडुजी राहिली, आणि २००५ सालीं तिचा कांहीं भाग कोसळला. तिच्या वयाला दोष देऊं नका. १९०३ सालीं उघडलेलें ताजमहाल हॉटेल २००८ च्या हल्ल्यांत आगीनें होरपळलें, तरी त्याची जुनी इमारत दुरुस्त होऊन २०१० सालीं पुन्हां उघडली.

ताजमहालाजवळ पैसा आहे, असें कोणी म्हणेल. मान्य. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं, दुरुस्ती मालकांस परवडेना, हेंही मान्य. पण रोजचें भाडें आजच्या दरानें मोजणारा पाहुणा कांहीं गोठलेल्या भाड्यावर राहत नाहीं! त्याच्या पैशांतून अगोदर जिन्यावरील जीर्ण विजेच्या तारा बदलाव्या, छताची गळती थांबवावी. झुंबराला झिलई मागाहून द्यावी. आणि आमच्या रसिकांनीं पुढील प्रवासवर्णनांत नक्षीदार कठड्याबरोबर न्हाणीघराचाही वृत्तांत द्यावा.