झ्यूसची थट्टा होऊ द्या

13 फेब्रुवारी 2022 रोजी अमेरिकेत सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या प्रक्षेपणात बीएमडब्ल्यूच्या आयएक्स या विजेवर चालणाऱ्या गाडीची मिनिटभराची जाहिरात लागली. अर्नोल्ड श्वार्झनेगर झ्यूस, सलमा हायेक हेरा. निवृत्त झालेलं हे देवजोडपं पाम स्प्रिंग्जला राहायला येतं. विजेचा देव शेजारी आला म्हटल्यावर जो तो आपलं उपकरण पुढे करतो, जरा चार्ज करून द्या म्हणून. झ्यूस वैतागतो. हेरा त्याला गाडी आणून देते, तेव्हा कुठे त्याची कळी खुलते. दोघं गाणं म्हणत निघतात आणि झ्यूस बोटाच्या इशाऱ्यानं लाल सिग्नल हिरवा करतो. सोबत संगणकावर घडवलेला एवढासा पेगॅसस, पंखवाला घोडा.

अशा जाहिराती पाहून नाक मुरडणारे म्हणतात, देवांच्या राजाला चिडका म्हातारा करून टाकलं; पुराणकथांची ही विटंबना आहे. मला हे मुळीच पटत नाही. ज्यांचे हे देव, त्या ग्रीकांनीच त्यांची सर्वांत जास्त थट्टा केली आहे. इ.स.पू. 405 मध्ये अथेन्सला ॲरिस्टोफेनिसचं ‘बेडूक’ हे नाटक झालं. उत्सव डायोनिसस देवाचा, आणि रंगमंचावर भित्रा, फुशारक्या मारणारा डायोनिससच! पाताळात भुताच्या भीतीनं त्याची गाळण उडते, तेव्हा तो प्रेक्षकांत पुढे बसलेल्या स्वतःच्याच पुजाऱ्याला ‘वाचव’ म्हणून हाक मारतो. पुढे तो आणि त्याचा गुलाम यांच्यात देव कोण हे ठरवायला दोघांनाही फटके मारले जातात. या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. देवावर श्रद्धा होती म्हणूनच त्याच्याशी एवढी सलगी करता आली. आपल्या तमाशातल्या गवळणीत मावशी कृष्णाला चार शब्द सुनावते, तेव्हा कृष्ण लहान झाला असं फडावरचं कोणीही म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारीचा आव आणून येतो. पेगॅसस हा बेलेरोफोन या वीराचा घोडा, तो झ्यूसच्या घरात कशाला? ग्रीक कवी हेसिअडची ‘थिऑगनी’ उघडून पाहावी. पेगॅसस पृथ्वी सोडून देवांकडे गेला, झ्यूसच्या घरी राहिला आणि त्याच्यासाठी मेघगर्जना व वीज वाहून नेऊ लागला, असं तिथे स्पष्ट आहे. विजेच्या गाडीच्या जाहिरातीत हा घोडा अगदी आपल्या जागी आहे.

हेराला मात्र फार गोड करून ठेवलं आहे, हे मान्य. तिचा मत्सर, त्या दोघांची जुनी भांडणं, काहीच नाही. तरी नवरा रुसून बसला असता मार्ग ती काढते, हे ‘इलियड’च्या चौदाव्या सर्गाशी जुळतं, तिथेही प्रेमदेवता ॲफ्रोडायटीकडून पट्टा मागून आणून झ्यूसला गुंगवते ती हेराच.

पुराणकथेचा अपमान होतो तो ती न वाचता वापरली की. फोक्सवॅगननं 2002 मध्ये आपल्या आलिशान गाडीला फेटन हे नाव दिलं. फेटन म्हणजे सूर्यदेव हेलिऑसचा मुलगा. हट्टानं त्यानं बापाचा रथ हाकायला घेतला, घोडे आवरेनात, पृथ्वी होरपळायला लागली, आणि शेवटी झ्यूसला वीज फेकून त्याला खाली पाडावं लागलं. या नावाची घोडागाडीही होती, असं सांगून समर्थन केलं जातं. पण तिला नाव मिळालं तेही याच पोराचं. ज्याला वाहन आवरलं नाही त्याचं नाव वाहनाला द्यायचं, आणि त्यावर कोणी नाक मुरडत नाही. झ्यूसचं हसं केलं की मात्र विटंबना!

गाडी विकणं हा जाहिरातीचा धंदा आहे, तो तिनं करावा. माझं म्हणणं एवढंच, की कथेचा धागा ज्यांनी नीट धरला आहे त्यांना दोष देऊ नका. झ्यूस म्हणजे वीज, हे या मिनिटभरात कुठेही सुटलेलं नाही.

घरातल्या मुलानं जाहिरात बघून विचारलं, हा पंखवाला घोडा कोणाचा, तर त्याला गप्प करू नका. पर्सियसनं मेड्युसाचं मुंडकं उडवलं आणि तिच्या मानेतून हा घोडा बाहेर पडला, तिथून गोष्ट सांगायला घ्या.