भिंतीवरची अक्षरे

अंबाजोगाईत यादव सेनापती खोलेश्वराचे तेराव्या शतकातील शिलालेख आहेत. अभ्यासक ते आदराने वाचतात. त्याच गावच्या हत्तीखाना लेण्यात आज कोणी खिळ्याने आपले नाव कोरले, तर तो मात्र अपराध होय. हा न्याय दुटप्पी नव्हे. खोलेश्वराचा लेख देवालयाची नोंद सांगतो. खिळा परक्याच्या शिल्पावर चालतो, आणि ती इजा कधीच भरून येत नाही.

रंगाचे व खडूचे तसे नाही. १९९५ चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो. परंतु तो परवानगी विचारतो, कलागुण विचारीत नाही. म्हणून पालिकेने रंगविलेले ओबडधोबड चित्र शोभा ठरते आणि रात्री लिहिलेली बोलकी ओळ विद्रूपण!

१९७८ ते १९९४ या नामांतराच्या काळात मराठवाड्यातील भिंती बोलत होत्या. ज्यांना वर्तमानपत्रात चार ओळींची जागा नव्हती, त्यांनी ती भिंतीवर घेतली. सरकारी भिंतीवरील अशा लेखनाची किंमत चुन्याचा एक हात. ती समाजाने सोसावी. गरिबाच्या घराची भिंत मात्र वर्ज्यच, कारण तेथे चुन्याचा खर्च त्याच्या माथी बसतो. निवडणुकीत भिंती अडविणाऱ्या पक्षांना जाहिरात परवडते. दंडाची वसुली आधी त्यांच्याकडून व्हावी. मग पालिकांनी बसस्थानकाजवळची एखादी भिंत विद्यार्थ्यांना मोकळी करून द्यावी.